तारीख उलटलेली चकती

मी एक जुनी चकती आहे. चिनी चहाची. मित्रांनो, चहा म्हटला की तुम्हाला पुडीतली काळी भुकटी आठवते, हे मला ठाऊक आहे. त्या भुकटीशी माझं नातं जोडू नका. मी अख्ख्या पानांची, दाबून बसवलेली, ताटलीएवढी गोल चकती होते. होते म्हणते, कारण आता माझा एक तुकडा तेवढा उरला आहे. तो संपायच्या आत माझी हकीकत सांगून टाकते. ती ऐकून तुम्ही शहाणे व्हाल अशी आशा मी ठेवलेली नाही. पण जाण्याआधी सांगायची रीत आहे, म्हणून सांगते.

माझा जन्म डोंगरातला. उंच झाडांची जाड पानं खुडली, मोठ्या कढईत परतली आणि उन्हात वाळवली. पुढे आमचं नशीब वेगळं होतं. आम्हाला एका लांबलचक खोलीत फरशीवर ओतलं, ढीग केला, पाणी शिंपडलं आणि ओल्या कापडानं झाकून ठेवलं. ढीग आतून तापू लागला. इतका तापला, की कामगार आत हात घालून चटकन मागे घेत. मग ते फावड्यांनी आम्हाला वरखाली करत आणि पुन्हा झाकत. असे कित्येक आठवडे गेले. एका नव्या कामगारानं वासाला नाक मुरडलं आणि सगळं कुजतंय म्हणाला. मूर्ख होता. कुजणं आणि मुरणं यांतला फरक ज्याला कळत नाही, त्याच्याशी काय बोलायचं? पुढे आयुष्यभर मला असेच भेटणार आहेत, हे तेव्हा माहीत नव्हतं.

मुरून झाल्यावर आम्हाला वाफ दिली, कापडी पिशवीत भरलं, पिशवीच्या तोंडाला पीळ देऊन गाठ मारली आणि वर जड दगड ठेवला. त्या दगडावर एक माणूस उभा राहिला आणि पाय न उचलता इकडून तिकडे डुलत राहिला. तुम्ही म्हणाल, हा तर अपमान. मुळीच नाही. तो माणूस आपल्या कामाकडे लक्ष देत होता. नंतर भेटलेल्यांपैकी फार थोड्यांबद्दल मला असं म्हणता येईल. त्या गाठीची खळी माझ्या पाठीवर कायमची राहिली. मग मला पातळ कागदात गुंडाळलं आणि कागदावर तारखेचा शिक्का मारला. हा शिक्का पुढे माझ्या चांगलाच अंगाशी आला.

फिरत फिरत मी एका गावातल्या चहाच्या दुकानात पोहोचले. गल्लीच्या टोकाला, चष्म्यांच्या दुकानाला लागून, दोन पायऱ्या उतरून आत जावं लागे. ऊन आत यायचं नाही, ओलही नव्हती. दुकान चालवणाऱ्या बाईंना सगळे मावशी म्हणत. मावशी अधूनमधून मला फडताळातून काढत, कागद उघडून वास घेत आणि अजून मुरू दे म्हणून परत ठेवत. एवढं कौतुक मला पुरत असे. अशी बरीच वर्षं गेली. मावशींबद्दल मी वाकडा शब्द बोलणार नाही. गिऱ्हाइकांबद्दल मात्र बोलणार आहे.

एक बाई येत. त्यांचा प्रश्न ठरलेला, हा चहा घेतला तर पोट कमी होईल का? किती दिवसांत? पी हळद आणि हो गोरी. दुसरे एक जाणकार होते. ते माझा कागदही न उघडता मला नाकाशी धरत आणि त्यांना माझ्यात जुनं लाकूड, ओली माती, झालंच तर कोणाच्या तरी बालपणीचं कपाट असं काय काय सापडत असे. दुकानातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलून झालं, की ते काही न घेता निघून जात. उथळ पाण्याला खळखळाट फार. एका जोडप्याला तर मी नव्या घराच्या भिंतीवर टांगायला हवी होते. त्यांच्या पडद्यांना माझा रंग शोभेल म्हणे. मावशींनी त्यांना हसून परत पाठवलं. मावशींच्या जागी मी असते तर हसले नसते.

शेवटी शेवटी माझ्या शेजारी एक हिरवी चकती येऊन बसली. कच्च्या चहाची. तिनं ढिगातला ताप पाहिलेलाच नव्हता. वाळवली, दाबली, पाठवली. असा चहा नुसता ठेवून मुरवायला वर्षानुवर्षं जावी लागतात, आणि ही तर त्याच वर्षीची होती. कडू जहर, पण येणारा जाणारा तिचा रंग बघून वा वा करायचा. कानामागून आली आणि तिखट झाली. मी तिच्याशी कधी बोलले नाही.

आणि एका दुपारी कंपाउंडर आला. गल्लीत त्याला सगळे याच नावानं ओळखत. औषधांच्या दुकानात उभं आयुष्य काढून तो निवृत्त झाला होता. इस्त्रीचा सदरा, खिशाला पेन, आणि दुकानात शिरताच फडताळांवरून अशी नजर फिरवली, जणू मावशींकडे तपासणीलाच आला आहे. मला तो पहिल्या क्षणापासून आवडला नाही.

त्याची अडचण मात्र खरी होती. बायकोच्या पोटाची शस्त्रक्रिया झाली होती आणि डॉक्टरांनी दूध आणि साखर कायमची बंद केली होती. इतकी वर्षं दोघं सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून दूध घालून उकळलेला चहा घेत. तेवढा वेळ ती बोलायची आणि हा हं हं करायचा. चहा बंद झाला आणि ती टेबलाशी यायचीच थांबली. बिनदुधाचा साधा चहा करून दिला तर पाणचट म्हणून परत केला. आता ती खिडकीशी कोमट पाण्याचा पेला घेऊन बसते आणि रस्ता बघते. भांडण नाही, रुसवा नाही, नुसती गप्प. हे सगळं त्यानं काउंटरवरची धूळ बोटानं पुसत सांगितलं.

मग मान वर करून तो म्हणाला, “मला चहातलं काही कळत नाही. ती परत टेबलाशी येऊन बसली पाहिजे, एवढंच कळतं.”

मावशींनी फडताळाकडे पाहिलं. मग त्यांनी मला खाली काढलं. दूध नसलं तरी हा चहा अंगात भरतो, कडू लागत नाही, आणि नवशिक्याच्या हातूनही फारसा बिघडत नाही, असं त्यांनी सांगितलं. शेवटचं वाक्य मला झोंबलं. एवढी वर्षं मुरायचं, ते नवशिक्याच्या हातून बिघडू नये म्हणून?

कंपाउंडरनं मला हातात घेतलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि सरळ शिक्का वाचला. तारीख वाचून तो असा दचकला, जणू कागदात मेलेला उंदीर निघाला. जुना माल शोधून बाजूला काढण्यात त्याचा जन्म गेला होता. तारीख उलटलेली बाटली त्यानं कधी शत्रूलाही दिली नव्हती, आणि आता बायकोला द्यायची? मावशींनी समजावलं, की हे औषध नव्हे, हा चहा ठेवून मुरतो, जुना तोच चांगला. त्यानं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि विचारलं, “यातली सगळ्यात ताजी कोणती?”

गाढवाला गुळाची चव काय? तो हिरव्या चकतीला घेऊन गेला. मावशींनी तिच्यासाठी दिलेल्या सूचना त्यानं पायऱ्या चढेपर्यंतच ऐकल्या. मी मनात म्हटलं, भोग आता आपल्या कर्माची फळं.

पुढच्या आठवड्यात तो परत आला. चेहरा उतरलेला होता. घरच्या रोजच्या पातेल्यात, रोजच्या सवयीनं, त्यानं तिला खळखळा उकळलं होतं. बायकोनं एक घोट घेतला, यापेक्षा औषध परवडलं म्हणाली आणि पुन्हा खिडकीशी जाऊन बसली. हे ऐकून मला आनंद झाला. मावशींनी मला कागदी पिशवीत घातलं. या वेळी त्यांनी त्याला पाठ करायला लावलं. तुकडा हलकेच सुटा करायचा, चुरा करायचा नाही. उकळतं पाणी घालायचं. पहिलं पाणी फेकून द्यायचं, ते पानं धुण्यासाठी असतं. पुढे थोडा थोडा वेळ ठेवून ओतायचं, आणि तीच पानं पुन्हा पुन्हा वापरायची, रंग उतरेपर्यंत. वासाच्या वस्तूंपासून लांब ठेवायचं. त्यानं सगळं शाळेतल्या मुलासारखं म्हणून दाखवलं. पाठांतर आणि अक्कल यांचा फारसा संबंध नसतो, मित्रांनो.

त्याचं स्वयंपाकघर लहान होतं, पण लख्ख. टेबलाशी दोन खुर्च्या, दोन्हींवर गाद्या. त्याच्या खुर्चीवरची गादी दबून चपटी झालेली, आणि समोरची चांगली फुगलेली. त्या गादीवर बरेच दिवस कोणी बसलं नव्हतं, हे मलाही कळलं. त्याला तर ते रोज दिसत होतं.

आता पुढचं ऐका. या गृहस्थानं मला घट्ट झाकणाच्या डब्यात घातलं आणि तो डबा ठेवला औषधांच्या कपाटात. का? तर घरात थंड, कोरडी आणि अंधारी जागा तीच. डब्याला शेजार कोणाचा, तर वेदनाशामक मलम, कापराचं तेल आणि सर्दीचा बाम. डब्यात आधी तोच बाम ठेवलेला होता, हे वेगळंच. चहा शेजाऱ्याचा वास उचलतो. एका रात्रीत मला गुडघेदुखीचा वास येऊ लागला.

सकाळी त्यानं माझा तुकडा तोडला आणि आपल्या जुन्या चिनीमातीच्या खलात घालून कुटला. कुटला! ज्या भुकटीशी माझं नातं जोडू नका म्हणून मी तुम्हाला बजावलं, तीच माझी गत झाली. ती भुकटी त्यानं लहान तराजूवर तोलली, पाण्यात तापमापक बुडवला, खिशातलं घड्याळ काढून समोर ठेवलं. पहिलं पाणी फेकलं. दुसरं पाणी कपात गाळलं, ते शाईसारखं काळं उतरलं. आणि मग, पाठ केलेलं सगळं विसरून, खालचा गाळ केराच्या डब्यात टाकून दिला. एकदा वापरलेलं औषध पुन्हा वापरायचं नसतं ना! माझा चांगला चहा तर चौथ्या-पाचव्या पाण्याला कुठे उतरतो. तो रोज केरात गेला.

त्यानं हाक मारली. बायको आली आणि फुगलेल्या गादीच्या कडेवर, उठून जाता येईल अशी बसली. तिनं कप नाकाशी नेला, एक घोट घेतला आणि म्हणाली, “हे प्यायचं की छातीला चोळायचं?”

मित्रांनो, त्या घरात कित्येक दिवसांत झालेला हा पहिला विनोद होता. मला डब्यातून कळला. नवरा म्हणवणाऱ्याला कळला नाही. तो पुढे वाकून विचारू लागला, घशाला लागतंय का, पोटात जळजळतंय का, आणखी दोन घोट जातील का. त्याचे डोळे तिच्या कपावर होते. ती कप खाली ठेवून उठली.

पुढेही तसंच चाललं. तो कुटायचा, तोलायचा, ओतायचा आणि तिच्यासमोर घड्याळ घेऊन बसायचा. ती एक घोट घ्यायची आणि तो तिच्या तोंडाकडे बघायचा. मग एका सकाळी त्यानं हाक मारली आणि ती आलीच नाही. त्यानं डब्याचं झाकण लावलं आणि मला कपाटात पार मागे सरकवलं. पुढच्या बाटल्यांच्या आड मी दिसेनाशी झाले. चूक याची आणि शिक्षा मला. असे महिने गेले. मुरण्याची मला सवय होती, पण तिथे मी मुरत नव्हते. तिथे मी कुजत होते, आणि तो फरक मला चांगला कळतो.

एकदा तो बाहेर गेला असताना बायको स्वतःसाठी मलम शोधायला कपाटाशी आली. बाटल्या सरकवता सरकवता तिच्या हाती डबा लागला. तिनं झाकण उघडलं आणि आतला वास घेऊन बराच वेळ तशीच उभी राहिली. मग हळूच मला म्हणाली, “तुलाही औषधांत ठेवलं का गं?”

इतक्या वर्षांत माझ्याशी बोललेलं हे पहिलं माणूस. मी उत्तर देऊ शकले नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

तिनं मला आपल्या कामाच्या खोलीत नेलं. ती पुस्तकं बांधायची. जुनी, खिळखिळी झालेली पुस्तकं लोक तिच्याकडे आणून देत, आणि ती शिवण उसवून, पानं सरळ करून, पुन्हा शिवून देत असे. तिनं मला डब्यातून काढून नुसत्या कागदात, गोंदाच्या बरण्यांपासून लांब, सावलीतल्या एका फळीवर ठेवलं. रोज काम सुरू करण्याआधी ती कागद उघडून वास घ्यायची. घाई नाही, घड्याळ नाही. हळूहळू बामचा वास उडाला आणि माझा उरला. एका सकाळी तिनं वास घेतला आणि हसली. मग पुस्तक शिवायचा टोचा घेतला, माझ्या कडेतून आडवा सरकवला आणि जरासा उचलला. माझा पापुद्रा अख्ख्या पानांसकट अलगद सुटला. चिकटलेली पानं न फाडता सोडवायची कशी, हे तिला कोणी शिकवायला नको होतं. इथून पुढे मी तिला बाई म्हणेन. अहो-जाहो करायला मला आवडत नाही, पण करावंच लागतं.

त्या सकाळी कंपाउंडर अंघोळ करून स्वयंपाकघरात आला, तर बाई टेबलाशी बसलेल्या. गादीच्या कडेवर नाही, नीट टेकून. त्यांच्यासमोर झाकणाचा एक मोठा कप होता आणि औषध मापायचे दोन काचेचे पेले. घरात एवढुशी भांडी तीच होती. बाईंनी माझी पानं कपात घातली, उकळतं पाणी ओतलं आणि झाकण तिरकं धरून ते पाणी टाकून दिलं. नवऱ्यानं मावशींचे धडे घरभर म्हणून दाखवले होते. पाळले त्यानं नव्हते, एवढंच.

दुसरं पाणी पेल्यांत उतरलं, लालसर काळं. तो सवयीनं पेला उजेडाकडे धरून त्यावरच्या खुणा बघू लागला. बाईंनी खुणांवर बोट ठेवलं. त्यानं खिशातून घड्याळ काढलं आणि किती वेळ ठेवायचं विचारलं. रंग आवडला की ओतायचं, असं त्या म्हणाल्या. मग तो प्याला. तोंडात धरून ठेवला आणि गिळला. घड्याळ पुन्हा खिशात गेलं. पेला संपला तशी त्याची जुनी खोड उफाळली. पानं टाकायला म्हणून त्यानं कप उचलला. बाईंनी त्याचं मनगट धरलं.

“ठेवा तो खाली. अजून संपलेलं नाही.”

त्यांनी पुन्हा पाणी ओतलं. आणि पेल्यांत धार धरता धरता, त्याच्याकडे न बघता म्हणाल्या, “चहा बंद झाला म्हणून मी उठून गेले नव्हते. ऑपरेशन झाल्यापासून तुम्ही समोर बसून माझे घोट मोजत होता, म्हणून गेले. मला समोर नवरा हवा होता, औषधाचं दुकान नको होतं.”

कंपाउंडरनं पेला खाली ठेवला. मी आजवर त्याला मूर्ख समजत आले होते, आणि तो होताच. पण त्या वेळी त्याचे हात टेबलाखाली गेले आणि बराच वेळ वर आले नाहीत.

“मला भीती वाटत होती,” तो म्हणाला. “तुला काही झालं तर. म्हणून मी रोज बघायचो, की…”

“अहो, तारीख तर दोघांचीही उलटून गेलीय,” बाई म्हणाल्या. “प्या आता. गार होतंय.”

मग ते प्याले. चौथं पाणी, पाचवं, सहावं. पेले एवढेसे, त्यामुळे पुन्हा पुन्हा ओतावं लागे, आणि ओतायचं तर उठून जाता येत नसे. दुधाचा चहा एका कपात संपायचा, मी संपत नव्हते. बाई बोलायला लागल्या. जिन्यातल्या दिव्यावरून वरच्या आणि खालच्या बिऱ्हाडांत काय झालं, कोणत्या पुस्तकात कोणी वाळलेलं फूल विसरलं, काय काय. त्यात ऐकण्यासारखं काहीही नव्हतं. कंपाउंडर मात्र हं हं करत, कान देऊन ऐकत होता. पाणी पार फिकं झालं तरी कोणी उठेना.

तेव्हापासून रोज असंच चाललं आहे. ती गादी आता चपटी झाली आहे. आणि मी थोडी थोडी करत संपत आले आहे. आता माझ्या पाठीवरच्या खळीभोवतीचा तुकडा तेवढा उरला.

मित्रांनो, अशा आत्मवृत्ताच्या शेवटी विनवणी करायची असते. विनवणी माझ्या स्वभावात नाही, म्हणून बजावते. माझ्यासारखी एखादी तुमच्या घरी आली, तर तिला बामशेजारी ठेवू नका. कुटू नका. तारखेवरून तिची लायकी ठरवू नका. आणि पहिल्या पाण्याला काही उतरलं नाही म्हणून केरात टाकू नका, पुन्हा ओता. हे फक्त चहाबद्दल आहे असं वाटत असेल, तर तुम्ही कंपाउंडरपेक्षाही मठ्ठ आहात.

आज सकाळी त्यानंच मला फळीवरून काढलं. टोचा चालवायला तो आता शिकला आहे, अजून थोडा चुरा पाडतो ते सोडा. उरलेला तुकडा बघून त्याचा चेहरा पडला. उद्यापुरताच आहे, असं त्यानं बाईंना सांगितलं. मावशी गावाला गेल्या आहेत आणि दुकान बंद आहे, हेही सांगितलं. मग अगदी त्या पहिल्या दुपारसारखं, टेबलावरची नसलेली धूळ पुसत त्यानं विचारलं, “मग परवा काय करायचं?”

बाईंनी पेला खाली ठेवला. “परवा कोमट पाणी,” त्या म्हणाल्या. “बसायचं तर इथेच आहे.”

त्यावर तो हसला. आता तुम्हीच बघा. डोंगरात जन्मलेली, वर्षानुवर्षं मुरलेली मी, आणि शेवटी माझी जागा घेणार कोमट पाणी. आयुष्यात माझे खूप अपमान झाले, मित्रांनो, आणि एकही मी विसरलेले नाही. एवढा एक मात्र मी मनावर घेतला नाही.